पदवी इंजिनिअरिंगची किंवा कॉमर्सची, प्रवेश फिजिकल थेरपीला: अमेरिकेतल्या डीपीटीची तयारी

महाराष्ट्रात फिजिओथेरपीची गाडी बारावीलाच सुटते. बायॉलॉजी हवं, नीट द्यायची, मग एमयूएचएसचं, म्हणजे महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाचं, बीपीटीएच, अर्थात फिजिओथेरपीची पदवी. अकरावीला कॉमर्स घेतलं की तो फलाट विसरायचा. अमेरिकेत हिशोब वेगळा आहे. तिथे आधी पदवी, मग साधारण तीन वर्षांची डीपीटी, म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी. पदवी कुठल्या विषयाची, याला बंधन नाही. अकाउंटिंग चालतं, कॉम्प्युटर चालतं, संगीतही चालतं. फक्त सायन्सचे ठरावीक विषय पदवीत झाले नसतील तर ते वेगळे करून दाखवावे लागतात. या विषयांना तिकडे सगळे 'प्रीरेक्स' म्हणतात.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि बायॉलॉजीशी दहावीनंतर संबंध न आलेल्या मराठी मंडळींसाठी आहे: बीई करून आयटीत गेलेले, बीकॉम करून एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरच्या नवऱ्यामागून जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या, किंवा तिथेच वाढून बिझनेसची डिग्री घेतलेली मुलं. ज्यांनी भारतात बीपीटीएच केलं आहे त्यांनी डीपीटीच्या रांगेत उभं राहायचं कारण नाही. त्यांचा रस्ता पदवीच्या मूल्यमापनाचा आणि मग थेट लायसन्स परीक्षेचा असतो.

आधी कॉलेजांची यादी, मग विषय

बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून घसरते. उत्साहाच्या भरात जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे स्वस्तातल्या स्थानिक सरकारी कॉलेजात, जाऊन दिसेल तो बायॉलॉजीचा कोर्स घेतला जातो. दोन वर्षांनी कळतं की ज्या चार ठिकाणी अर्ज करायचा आहे त्यांतल्या दोघांना लॅब ऑनलाइन केलेली चालत नाही, आणि तिसऱ्याला फिजिऑलॉजीच्या वरच्या पातळीचा आणखी एक कोर्स हवा आहे. मान्यताप्राप्त डीपीटी कार्यक्रम तीनशेच्या आसपास आहेत आणि प्रत्येकाची विषयांची यादी थोडी थोडी वेगळी आहे. म्हणून पहिला पैसा खर्च करायच्या आधी आठ ते दहा कॉलेजं निवडा आणि एक एक्सेल शीट उघडा. रकाने असे ठेवा: कुठले विषय आणि किती क्रेडिट, लॅब प्रत्यक्ष हवी की ऑनलाइन चालते, विषय किती वर्षांपर्यंत जुना चालतो, किमान ग्रेड, ऑब्झर्व्हेशनचे तास (थेरपिस्टचं काम प्रत्यक्ष पाहण्याचे), जीआरई ही प्रवेशपरीक्षा, शिफारसपत्रं कोणाची, परदेशी पदवीबद्दलचा नियम, एकूण फी, अर्जाची शेवटची तारीख.

यादीत कॉलेज घालण्याआधी ते कॅप्टेच्या मान्यतेत आहे का ते पाहा. डीपीटीला मान्यता देणारी ही संस्था. मान्यता नसलेल्या कार्यक्रमातून बाहेर पडलं तर लायसन्सची परीक्षा, म्हणजे एनपीटीई, देता येत नाही. नव्या कार्यक्रमांसमोर 'कँडिडसी' असं लिहिलेलं असतं. ती नव्या कॉलेजांसाठी नेहमीची पायरी आहे, पण पूर्ण मान्यता मिळालेली नाही एवढं लक्षात ठेवा. प्रत्येक कार्यक्रमाला आपल्या संकेतस्थळावर पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, एनपीटीई उत्तीर्णांचं प्रमाण आणि खर्चाचा फायनान्शियल फॅक्ट शीट नावाचा तक्ता ठेवावाच लागतो. माहितीपत्रकातल्या हसऱ्या फोटोंपेक्षा हे तीन आकडे आधी वाचा. परीक्षेच्या बाबतीत कॅप्टेची अट दोन वर्षांच्या सरासरीने किमान ८५ टक्के विद्यार्थी शेवटी उत्तीर्ण होण्याची आहे. त्याच्या काठावर रेंगाळणारं कॉलेज यादीत खाली ढकला.

भारतातल्या पदवीचं काय होतं

चार वर्षांची बीई साधारणपणे अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीची धरली जाते. तीन वर्षांच्या बीकॉम, बीए, बीएस्सीच्या बाबतीत खात्री धरू नका. काही कॉलेजं ती पूर्ण बॅचलर्स मानत नाहीत, काही मूल्यमापन करणाऱ्या संस्थेचा निकाल मान्य करतात. ज्यांनी पुढे अमेरिकेत एमएस केलं आहे त्यांची ही अडचण बरीच हलकी होते. मूल्यमापन डब्ल्यूईएस किंवा ईसीईसारख्या संस्थेकडून 'कोर्स-बाय-कोर्स' प्रकारचंच घ्या. नुसती पदवीची बरोबरी सांगणारा स्वस्त अहवाल इथे उपयोगाचा नाही. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट जावं लागतं, त्यामुळे भारतातलं कोणीतरी घरचं माणूस या कामाला लावा आणि निदान चार महिने हाताशी ठेवा.

एक खास आपल्याकडची अडचण: पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि मधलं नाव एकदा वडिलांचं तर एकदा नवऱ्याचं. मूल्यमापन आणि केंद्रीय अर्ज (सगळ्या कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज, त्याबद्दल पुढे) दोन्हीकडे 'पर्यायी नाव' भरायची जागा असते. ती पहिल्याच दिवशी भरा, नाहीतर ट्रान्सक्रिप्ट पोचूनही तुमच्या फाइलला लागत नाही.

आता मोठा गैरसमज. "इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला फिजिक्स-केमिस्ट्री झालंय की!" झालंय, पण कुठलं? अप्लाइड फिजिक्समध्ये सेमीकंडक्टर, लेझर आणि इंटरफेरन्स होतं. डीपीटीला हवं आहे मेकॅनिक्स, द्रव, उष्णता आणि थोडी वीज. अप्लाइड केमिस्ट्रीत पाण्याचा कठीणपणा, गंज आणि पॉलिमर होते. इथे जनरल केमिस्ट्री हवी. त्यात बरीच कॉलेजं पाच किंवा दहा वर्षांपेक्षा जुना सायन्सचा विषय धरत नाहीत, आणि काहींना प्रीरेक्स अमेरिकेतल्याच कॉलेजातले लागतात. बीकॉमचं बिझनेस स्टॅटिस्टिक्स मात्र अनेकदा चालून जातं. अभ्यासक्रम जोडून ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं "हो, चालेल" पुढे कोणी मान्य करत नाही.

विषय आणि त्यांचा क्रम

जवळजवळ प्रत्येक यादीत दिसणारे विषय असे: ह्यूमन अ‍ॅनाटमी अँड फिजिऑलॉजीची दोन सत्रं लॅबसह, केमिस्ट्रीची दोन लॅबसह, फिजिक्सची दोन लॅबसह, बायॉलॉजीचं एक किंवा दोन, एक स्टॅटिस्टिक्स, आणि सायकॉलॉजीचे एक किंवा दोन कोर्स, ज्यांत दुसरा बहुधा डेव्हलपमेंटल किंवा अबनॉर्मल असतो. काही ठिकाणी एक्झरसाइज फिजिऑलॉजी लागतं. सगळं मिळून साधारण ३६ ते ४५ सेमिस्टर क्रेडिट होतात. फिजिक्स कॅल्क्युलसवर आधारलेलं नसलं तरी बहुतेकांना चालतं, पण बायॉलॉजीत बॉटनी-झूऑलॉजी घेऊन वेळ घालवू नका.

क्रेडिटचा हिशोब नीट करा. सिएटल-बेलव्ह्यू भागातली कम्युनिटी कॉलेजं सेमिस्टरऐवजी क्वार्टर पद्धतीने, म्हणजे छोट्या सत्रांनी, चालतात. एक क्वार्टर क्रेडिट म्हणजे दोन तृतीयांश सेमिस्टर क्रेडिट. डीपीटी कॉलेजाला अ‍ॅनाटमी-फिजिऑलॉजीचे ८ सेमिस्टर क्रेडिट हवे असतील तर तुम्हाला १२ क्वार्टर क्रेडिट दाखवायला हवेत. ५ आणि ५ करून १० झाले की सेमिस्टरमध्ये ते ६.६७ भरतात, आणि १.३३ क्रेडिटच्या तुटीपायी अर्ज अपूर्ण ठरू शकतो.

क्रम मनाला येईल तसा लावता येत नाही. अनेक कम्युनिटी कॉलेजांत अ‍ॅनाटमीच्या आधी बायॉलॉजी किंवा केमिस्ट्री लागते आणि फिजिक्सच्या आधी ट्रिगनॉमेट्री. भारतातलं गणित त्यांच्या नोंदीत नसतं, त्यामुळे एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगचं तिसरं गणित, पास झालेल्या इंजिनिअरलाही प्लेसमेंट टेस्टला बसवतात. अपमान वाटून घेऊ नका. अर्ध्या तासाची परीक्षा देऊन मोकळे व्हा, म्हणजे एक सत्र वाचेल.

नोकरी सांभाळून करायचं असेल तर एका सत्रात लॅबचे दोनच विषय घ्या. उदाहरणार्थ, ऑगस्ट २०२६ ला सुरुवात धरली तर: पहिल्या सत्रात बायॉलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स, २०२७ च्या वसंतात अ‍ॅनाटमी-फिजिऑलॉजी एक आणि केमिस्ट्री एक, उन्हाळ्यात सायकॉलॉजी, ऑनलाइन, त्याच वर्षीच्या शरदात अ‍ॅनाटमी-फिजिऑलॉजी दोन आणि केमिस्ट्री दोन, २०२८ च्या वसंतात फिजिक्स एक. जून-जुलै २०२८ मध्ये अर्ज. फिजिक्स दोन आणि दुसरं सायकॉलॉजी अर्ज चालू असताना. वर्ग सुरू होतील २०२९ च्या उन्हाळ्यात. एक-दोन विषय बाकी असताना अर्ज केलेला बऱ्याच ठिकाणी चालतो, पण अ‍ॅनाटमी बाकी ठेवू नका. समिती सगळ्यात आधी तिचीच ग्रेड बघते.

अ‍ॅनाटमीत माणसं का पडतात तेही सांगायला हवं. इंजिनिअरिंगची सवय असते गणित समजून घेऊन आदल्या रात्री उरकायची. इथे लॅब प्रॅक्टिकल असतं: टेबलांवर हाडं आणि मॉडेल मांडलेली, त्यांवर टाचण्या किंवा रंगीत टिकल्या, प्रत्येक टेबलाला मिनिट-दीड मिनिट, की पुढच्या टेबलाकडे. मांडीच्या हाडावरच्या एका उंचवट्यावर टाचणी असते आणि तुम्हाला 'ग्रेटर ट्रोकँटर' असं स्पेलिंगसकट लिहायचं असतं. उजवं हाड की डावं, हेही कधी कधी विचारतात. स्पेलिंग चुकलं की गुण कापले. यावर एकच उपाय आहे: रोज पाऊण तास, लॅब उघडी असेल तेव्हा हाड हातात घेऊन. पुस्तकातलं चित्र एकाच बाजूचं असतं, टाचणी मात्र मागच्या बाजूलाही असू शकते.

जीपीए: कुठला हलतो, कुठला नाही

जीपीए म्हणजे चारपैकी मोजलेली ग्रेडची सरासरी. किमान अट बहुतेक ठिकाणी ३.० असते. स्पर्धेत टिकायला त्याहून बरंच वर असावं लागतं. प्रीरेक्समध्ये सहसा किमान सी लागतो आणि सी-मायनस बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

अमेरिकेतच पदवी घेतलेल्यांसाठी एक आकडेमोड. पदवीचे १२८ क्रेडिट २.८ ने झाले आहेत. आता ४० क्रेडिटचे प्रीरेक्स ३.९ ने केले. एकूण जीपीए होतो ३.०६. दोन वर्षं घाम गाळून वाढ जेमतेम पाव गुणाची, हे पाहून लोक हबकतात. पण अनेक कॉलेजं प्रीरेक्सचा जीपीए वेगळा पाहतात आणि काही शेवटच्या ४५ किंवा ६० क्रेडिटचा. प्रीरेक्सचा धरला तर तुमचा आकडा ३.९ दिसतो, आणि पदवीचे उरलेले क्रेडिट २.८ चेच धरले तरी शेवटच्या ४५ चा साधारण ३.८ आणि ६० चा ३.५. म्हणून यादी करताना कोण कुठला जीपीए धरतं हे विचारून घ्या आणि शेवटचे ६० धरणारी कॉलेजं वर ठेवा.

दोन सापळे. एक: एमएसचे गुण केंद्रीय अर्जात वेगळ्या ग्रॅज्युएट जीपीएत जातात, ते बॅचलर्सची भरपाई करत नाहीत. पदवीनंतर कम्युनिटी कॉलेजात केलेले विषय मात्र अंडरग्रॅज्युएटमध्येच धरतात. दोन: तुमच्या कॉलेजाने विषय पुन्हा केल्यावर जुनी ग्रेड पुसली असेल, तरी केंद्रीय अर्जात दोन्ही ग्रेड मोजल्या जातात. म्हणून डी मिळणार असं सहाव्या आठवड्यातच दिसलं तर विथड्रॉ करा, म्हणजे विषय मध्येच सोडा; मग ग्रेडऐवजी 'डब्ल्यू' लागतो. एखादा डब्ल्यू खपून जातो. पाच नाहीत.

जीआरई बऱ्याच कॉलेजांनी सोडली आहे. उरलेल्यांना लागत असेल तर सप्टेंबर २०२३ पासून ती एक तास अठ्ठावन्न मिनिटांची झाली आहे आणि गुण पाच वर्षं चालतात. इंजिनिअरने गणितावर वेळ घालवू नये, शब्दसंग्रहावर घालवावा.

ऑब्झर्व्हेशनचे तास

काही कॉलेजांना शून्य तास लागतात, काहींना शंभराच्या वर. आमचा सल्ला शंभराचा: ४० बाहेरच्या ऑर्थोपेडिक क्लिनिकमध्ये, ४० रुग्णालयात किंवा इनपेशंट रिहॅबमध्ये, २० कुठेतरी वेगळीकडे, लहान मुलांकडे किंवा पक्षाघाताच्या रुग्णांकडे. लायसन्स असलेल्या फिजिकल थेरपिस्टच्या हाताखालचेच तास धरा. असिस्टंटबरोबरचे सहसा मोजत नाहीत. दर दिवसाची तारीख, तास, थेरपिस्टचं नाव आणि लायसन्स नंबर त्याच दिवशी लिहा. वर्षभराने तो थेरपिस्ट दुसऱ्या राज्यात गेलेला असतो आणि सही मागायला कोणी सापडत नाही.

क्लिनिकमध्ये ईमेल करून आठवड्यात सुरुवात होऊ शकते. रुग्णालयात ते व्हॉलंटिअर विभागातून जातं: गुप्ततेच्या नियमांचं प्रशिक्षण, लसींचे पुरावे, टीबीची तपासणी. सहा ते आठ आठवडे धरा. आणि इथे भारतात जन्मलेल्यांनी एक गोष्ट जरूर सांभाळावी. आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली असते, दंडावर तो व्रण असतोच. त्यामुळे टीबीची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरांचं पत्र, आणि महिना गेला. सुरुवातीलाच रक्ताची चाचणी मागा, क्वांटिफेरॉन नावाची किंवा त्या प्रकारची. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. गोवर आणि कांजिण्यांच्या लसींची जुनी कार्डं सापडत नसतील तर गावच्या दवाखान्यात फोन करत बसू नका. रक्तातल्या अँटिबॉडीजची टायटर चाचणी करून घ्या.

एच-४ वर कामाची परवानगी नसेल तर क्लिनिकमधली पगारी टेकची, म्हणजे मदतनिसाची, नोकरी करता येत नाही. नुसतं पाहायला, शॅडो करायला जा. परवानगी असेल तर ती नोकरी सोनं आहे. बर्फाच्या पिशव्या आणि टॉवेलांच्या घड्या करता करताही रोज वीस रुग्ण नजरेखालून जातात.

पाहताना काय टिपायचं? समजा गुडघा बदललेल्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी उभं करायचं आहे. थेरपिस्ट आधी झोपलेल्या स्थितीत रक्तदाब घेते, मग पलंगाच्या काठावर बसवून घेते. वरचा आकडा २० ने उतरला आणि रुग्णाला गरगरलं की ती कमरेचा पट्टा आवळते, पण उभं करत नाही. पाय हलवायला लावते, थांबते, पुन्हा मोजते. उभं न करण्याचा हा निर्णयच तिचं खरं काम आहे. दोन ओळींत हे लिहून ठेवा. पुढे निबंधात आणि मुलाखतीत हेच कामाला येतं.

शिफारसपत्रं आणि निबंध

पत्रं साधारण दोन ते चार लागतात. एक फिजिकल थेरपिस्टचं, एक सायन्स शिकवणाऱ्या प्राध्यापकाचं. पंधरा वर्षांपूर्वीच्या पुण्यातल्या विभागप्रमुखांचं पत्र इथे काही करत नाही, आणि नात्यातल्या डॉक्टरकाकांचं तर मुळीच नको. अ‍ॅनाटमीच्या प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना सत्रभर जा, ग्रेड लागल्यावर आठवड्याच्या आत विचारा. पत्र पाहण्याचा हक्क सोडलात का, असं अर्जात विचारतात. सोडा. न सोडलेल्या पत्राला समिती फारसं वजन देत नाही.

निबंधाला स्पेससकट ४,५०० अक्षरांची मर्यादा असते. "आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मला प्रेरणा मिळाली" या वाक्याने सुरू होणारे निबंध समितीने हजारांनी वाचलेले असतात. तुमच्यासारख्या अर्जदाराबद्दल त्यांच्या मनात तीनच प्रश्न असतात: आताच का, नर्सिंग किंवा ऑक्युपेशनल थेरपी सोडून हेच का, आणि तीन वर्षं अभ्यास झेपेल का. तिसऱ्याचं उत्तर ग्रेड देतात, पहिल्या दोन्हींचं तुम्ही द्या. जुन्या नोकरीबद्दल तक्रार नको आणि "माझं कोडिंग रुग्णांना उपयोगी पडेल" असली ओढाताणही नको. दहा वर्षं ग्राहकांशी बोललात, बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची शिस्त लागली, एवढं साधेपणाने लिहिलं तरी पुरतं.

अर्ज, मुलाखत, पैसे

बहुतेक कॉलेजं पीटीकॅस या केंद्रीय अर्जातून प्रवेश देतात. तो दरवर्षी साधारण जूनच्या मध्यावर उघडतो. बरीच ठिकाणं आलेले अर्ज क्रमाने वाचत जागा भरत जातात. म्हणून शेवटची तारीख ऑक्टोबरची असली तरी तुमची तारीख जुलैअखेर. ट्रान्सक्रिप्ट पडताळायला काही आठवडे जातात. प्रत्येक कॉलेजातला प्रत्येक कोर्स ट्रान्सक्रिप्टवर आहे तसाच भरा, विथड्रॉ केलेलाही. जुळलं नाही की अर्ज परत येतो आणि तुम्ही रांगेत मागे जाता.

मुलाखतीत व्यवसायाची माहिती तपासतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेरपिस्टकडे जाता येणं, म्हणजे डायरेक्ट अ‍ॅक्सेस, पन्नासही राज्यांत कुठल्या ना कुठल्या स्वरूपात आहे. असिस्टंटने दिलेल्या उपचाराला २०२२ पासून मेडिकेअर, म्हणजे प्रामुख्याने ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, नेहमीच्या दराच्या ८५ टक्केच पैसे देतं. या दोन गोष्टींवर दोन मिनिटं बोलता येईल एवढी तयारी ठेवा.

पैशांचा विचार शेवटी केला तर फसगत होते. अमेरिकन कामगार सांख्यिकी विभागानुसार मे २०२४ मध्ये फिजिकल थेरपिस्टचं मध्यम वार्षिक वेतन १,०१,०२० डॉलर होतं, आणि खासगी कॉलेजांची तीन वर्षांची फीच त्याहून जास्त असू शकते. सॉफ्टवेअरमधून येणाऱ्याचा पगार अनेकदा कमी होतो, हे घरात आधी बोलून घ्या. केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना मिळतं, एच-४ वाल्यांना नाही. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे त्यातलंच एक कर्ज बंद होतं आणि साध्या ग्रॅज्युएट अभ्यासक्रमांना वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलरची मर्यादा येते. डीपीटी या मर्यादेत येते की 'व्यावसायिक' पदव्यांच्या वाढीव मर्यादेत, हे अनामत भरण्याआधी कॉलेजाच्या फायनान्शियल एड कार्यालयाकडून लेखी घ्या. राज्यातल्या सरकारी कॉलेजची रहिवासी फी सगळ्यात स्वस्त पडते. तुमच्या व्हिसावर ती मिळते का हे राज्यागणिक बदलतं.

प्रवेशपत्र आल्यावरही दोन गोष्टी निसटतात. बाकी राहिलेल्या फिजिक्सला सी-मायनस आला तर प्रवेश रद्द होऊ शकतो, म्हणून शेवटच्या सत्रात सैल सोडू नका. आणि सीपीआरचं कार्ड मागितलं की इंटरनेटवर वीस मिनिटांत मिळणारं घेऊ नका. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं 'बीएलएस प्रोव्हायडर', पुतळ्यावर प्रत्यक्ष छाती दाबून मिळवलेलं, बहुतेक ठिकाणी चालतं. ते दोन वर्षं टिकतं, तेव्हा वर्ग सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यात काढा.